आंबील ओढ्यावर सोसायटी आणि वस्तीने मिळून प्रयोग करायचाय, कसा करावा?

ओढ्याकाठची

नमस्कार सगळ्यांना. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, त्यामुळे काही राहिलं तर सांभाळून घ्या.

मी पुण्यात अरण्येश्वरच्या बाजूला राहते. आमच्या सोसायटीची मागची भिंत म्हणजे आंबील ओढ्याचा काठ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओढा दिसतो, म्हणजे खिडकी उघडली तर दिसतो, पण वासामुळे ती खिडकी आम्ही वर्षानुवर्षं उघडलेलीच नाही. खरं सांगायचं तर २०१९ पर्यंत त्याला नाव आहे हेही मला माहीत नव्हतं, आम्ही सगळे त्याला नालाच म्हणायचो, मुलं तर सरळ गटार म्हणायची. मग २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आली. पार्किंगमधे पाणी स्कूटरच्या हँडलपर्यंत चढलं, वरच्या मजल्यावरून आम्ही टॉर्च मारून बघत होतो आणि पलीकडच्या काठावरून माणसं हाका मारत होती, त्या हाका अजून कानात आहेत. त्या रात्री शहरात आणि आसपास वीसहून जास्त माणसं गेली. आमच्यापासून जवळच टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. सकाळी पेपरात वाचलं, आंबील ओढ्याला पूर. तेव्हा कळलं की याला नाव आहे.

मागच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या मुलांचं शिबिर घेतलं, त्यात मुलांना म्हटलं आपल्या घरामागून काय वाहतं त्याची गोष्ट लिहा. बावीसपैकी एकोणीस मुलांनी राक्षस लिहिला. दोघांनी कचरा लिहिला. एका मुलीने लिहिलं की हा कुठून येतो ते मला कोणी सांगत नाही. ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून हे सगळं सुरू झालं.

आता आम्ही पंचवीसएक जण जमलोय. मुलं आहेत, चार आजी-आजोबा, एक कथक शिकवणारी ताई, एक पेटीवाले काका, ढोलताशा पथकातली सहा पोरं. येत्या जानेवारीत ओढ्यावर काहीतरी सादर करायचंय, नाटक म्हणू की नाच म्हणू की काय ते अजून ठरत नाहीये. बक्षीस वगैरे काही नको, पर्यावरणाचं भाषणही नको, लोकांनी एकदा त्या पाण्याकडे तोंड करून उभं राहावं एवढंच मनात आहे. ओढ्याचा खरा इतिहास काय, जागा कुठली घ्यावी, फॉर्म कुठला घ्यावा आणि मुख्य म्हणजे पलीकडच्या काठच्या वस्तीतल्या लोकांना कसं विचारावं, हे कळत नाहीये. आमच्यातल्या कोणीच आजवर पलीकडे गेलेलं नाही. अंतर चाळीस फूट असेल.

कसब्यातला

ताई, धागा काढलात बरं केलंत. इतिहासापुरतं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

पहिली गोष्ट, पुणं हे मुळात दोन ओढ्यांच्या मधलं गाव. पश्चिमेला आंबील ओढा, पूर्वेला नागझरी आणि मधे कसबा. आंबील ओढा तेव्हा आजच्या पेठांमधून वाहत शनिवारवाड्याच्या बाजूला मुठेला मिळायचा. पुढे गाव वाढायला लागलं, ओढ्याचं पाणी गावात शिरायचं, म्हणून पेशवाईत त्याचा प्रवाह पर्वतीच्या बाजूने वळवला गेला. म्हणजे आज तुमच्या मागून जो ओढा दांडेकर पुलाखालून वैकुंठ स्मशानभूमीच्या बाजूला मुठेत जातो, त्याचा शेवटचा टप्पा माणसाने ठरवून दिलेला आहे. जुनं पात्र पेठांच्या पोटात राहिलं. हे मुलांना सांगा, ओढ्याला एकदा घर बदलायला लागलंय हे मुलांना लगेच कळतं.

दुसरं, आज सारसबागेत आपण भेळ खायला जातो ते मूळचं तळं. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी ते खोदवून घेतलं, त्यात याच ओढ्याचं पाणी होतं आणि मधल्या बेटावर बाग. १७८४ मधे सवाई माधवरावांच्या काळात तिथे गणपती बसवला, म्हणून तो तळ्यातला गणपती. तळं नंतर आटवलं, पण नाव राहिलं. माझी आजी शेवटपर्यंत तळ्यातला गणपतीच म्हणायची.

तिसरं कात्रजचं. ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो, तिथे पेशव्यांनी तलाव बांधला आणि १७४९ च्या सुमारास तिथून शहरापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणायला सुरुवात केली. आठएक किलोमीटर, पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत. मधे मधे हवा खेळायला आणि गाळ काढायला उभ्या विहिरीसारखे उच्छ्वास ठेवलेत. उच्छ्वास, काय शब्द आहे बघा, पाण्यालाही श्वास सोडायला जागा ठेवली होती. पेठांत काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही जी नावं आहेत ती त्या पाणीव्यवस्थेतली, आता तिथे हौद बघायला गेलं तर चौक आणि बसस्टॉप सापडतो.

माझं मत विचाराल तर प्रयोगात पेशवाईचा थाट आणू नका, फेटे आणि तुताऱ्या आल्या की लोक ओढा विसरून फोटो काढायला लागतात. उच्छ्वास घ्या. तुमच्या कथकवाल्या ताईंना सांगा, श्वासावर एक तुकडा बसवा.

रिकामी_विंग

मी हौशी रंगभूमीवर पंधराएक वर्षं आहे, पथनाट्यंही केलीत, त्यामुळे जरा लांब लिहितो.

स्टेज बांधू नका ही पहिली विनंती. स्टेज बांधलं की लोक खुर्चीवर बसतात, ओढ्याकडे पाठ करतात आणि प्रमुख पाहुणे येतात. ओढा चालतो तर प्रयोगही चालता पाहिजे. आपल्याकडे यासाठी फॉर्म शोधायला बाहेर जायची गरजच नाही, दिंडी आहे. दिंडीत मुक्काम असतात, रिंगण असतं, चालता चालता गाणं असतं आणि रस्त्यात कोणीही सामील होऊ शकतं. तुमच्या सोसायटीपासून निघून काठाकाठाने तीन-चार ठिकाणी थांबायचं, प्रत्येक थांब्यावर पाच-सात मिनिटांचं काहीतरी. जास्त नको. एका थांब्यावर वासुदेव येऊ दे जो पाण्याच्या नावाने दान मागतो, एका ठिकाणी भारूड करा, भारुडात ओढा स्वतः बोलू शकतो, कारण भारुडात विंचू बोलतो, सासुरवाशीण बोलते, कोणीही बोलतं आणि कोणाला खटकत नाही. बायकांचा भोंडला घ्या, पाटावर हत्तीच्या जागी ओढा काढा, कात्रजपासून मुठेपर्यंत वळणांसकट, आणि त्याच्याभोवती फेर.

ढोलपथकाच्या पोरांबद्दल, त्यांना ढोल घरी ठेवायला सांगा. चिडतील, पण सांगा. फक्त दोन ताशे. एका काडीच्या टोकाने हळू सुरू करायचं, पत्र्यावर पहिला पाऊस पडतो तसं, मग दुसरा ताशा, मग तर्री, म्हणजे ताशाची सलग झड, वाढवत न्यायची आणि एकदम बंद. त्या रात्रीचा पूर दाखवायला निळी कापडं हलवण्याची गरज पडणार नाही, ज्यांनी ती रात्र बघितलीय त्यांच्या अंगावर काटा येईल. आणि बंद केल्यावर किमान एक मिनिट काहीही करू नका. ओढ्याचा आवाज ऐकू येऊ दे.

एक बाहेरचं उदाहरण मात्र सांगतो कारण ते माझ्या मनातून गेलेलं नाही. १९९५ मधे चीनमधल्या चेंगडू शहरात यिन शिउचेन नावाच्या कलाकार बाईने तिथल्या मैल्या नदीचं पाणी घेतलं, त्याच्या लाद्या गोठवल्या आणि त्या लाद्या काठावर भिंतीसारख्या रचून ठेवल्या. शेजारी स्वच्छ पाण्याच्या बादल्या आणि ब्रश. येणारे-जाणारे लोक थांबून नदी धुवायला लागले. बर्फ वितळेपर्यंत धूत राहिले. संवाद नाही, निवेदन नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो बराच वेळ. तेच उचला असं म्हणत नाहीये, पण प्रेक्षकाच्या हाताला काम दिलं की काय होतं ते बघा.

परवानग्यांचं वेळेत बघा. लिहिलेली संहिता असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजुरी घेऊन ठेवलेली बरी, रस्त्यावरून चालायचं तर पोलीस चौकीत अर्ज आणि क्षेत्रीय कार्यालयात अर्ज, दोन्हीची पोच जपून ठेवायची. स्पीकर लावलात तर रात्री १० नंतर चालत नाही आणि निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. मी तर म्हणेन स्पीकर नकोच. आमचा एक प्रयोग ऐनवेळी थांबला होता कारण अर्ज दिला होता पण पोच घेतली नव्हती, मुलं मेकअप करून तासभर फुटपाथवर बसून होती.

दांडेकरपूलवाला

कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. मी त्या वस्तीत वाढलोय, अजून तिथेच राहतो. तुमच्या समोरचा काठ नाही, जरा पुढचा, पण ओढा तोच.

ताई तुम्ही विचारलंत वस्तीतल्या लोकांना कसं विचारावं. येऊन विचारा, एवढंच आहे. पण स्क्रिप्ट तयार झाल्यावर येऊ नका. दरवेळी तेच होतं, कोणीतरी येतं, सगळं ठरवलेलं असतं, आम्हाला सांगतात तुमची दहा मुलं द्या आणि समोर बसायला माणसं आणा, मग आमच्या मुलांना मागे झेंडे धरून उभं करतात. आणि कृपा करून कोणी तोंडाला चिखल फासून पूरग्रस्त होऊ नका. आम्ही ते बघू शकत नाही.

त्या रात्री दहा-साडेदहाला पाणी चढायला लागलं, दहा मिनिटांत गुडघ्यावरून छातीला आलं. आईने पहिल्यांदा काय उचललं असेल तर रेशनकार्ड आणि शाळेच्या दाखल्यांची पिशवी, ती डोक्यावर धरून माळ्यावर चढली, मग आम्ही शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना पत्र्यावर घेतलं, पहाटेपर्यंत पत्र्यावरच. गॅसच्या टाक्या वाहत जाताना भिंतीला आपटायच्या, टण टण, तो आवाज. ते वरती ताशाचं लिहिलंय ते बरोबर लिहिलंय पण आमच्याकडे तो आवाज टाकीचा आहे.

आणि एक, ओढा म्हटलं की सगळे २०१९ च बोलतात. आम्ही लहान असताना उन्हाळ्यात ओढ्याच्या कडेला क्रिकेट खेळलोय, माझे आजोबा सांगायचे त्यांनी याच्यात खेकडे धरलेत. आमच्या आयांनी इथे गोधड्या धुतल्यात. आणि २०२१ च्या जूनमधे ऐन पावसाळ्याच्या तोंडाशी इथली घरं पाडली, माझ्या मावशीचं घर त्यात गेलं, ती सामान रस्त्यावर ठेवून बसली होती. ओढ्याचा प्रयोग करायचा आणि हे सोडून द्यायचं असं चालणार नाही. भाषण करा म्हणत नाही. पण कोणीतरी ते घर मोठ्याने उच्चारलं पाहिजे.

माझी एक कल्पना आहे. आमच्या भिंतीवर त्या रात्रीच्या पाण्याची रेघ आहे, दोनदा रंग दिला तरी ओल वर येते. तुमच्या पार्किंगच्या खांबांवर पण असेल. त्या उंचीला दोन्ही काठांवर निळी सुतळी बांधा. सलग. तुमच्याकडून सुरू करा आम्ही आमच्याकडून करतो. बाकी काही नाही केलं तरी चालेल.

ओढ्याकाठची

दादा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला, लगेच उत्तर देता आलं नाही. आमच्या पार्किंगमधे रेघ होती, पण पुढच्या दिवाळीआधी आम्ही ऑइलपेंट मारला. मी आज सकाळी जाऊन बघितलं, एका खांबामागे मीटरबॉक्सच्या आड हातभर रेघ राहिलीय. मुलीने पट्टी लावून मोजली, जमिनीपासून ३ फूट ४ इंच.

स्क्रिप्ट अजून एक ओळही लिहिलेली नाही. रविवारी आम्ही चौघी पलीकडे येतो, पूल ओलांडून. तुम्ही असाल का?

दांडेकरपूलवाला

आहे. दुपारी चारनंतर या, बायका त्याआधी कामावरून आलेल्या नसतात. रविवारी पण नसतात.

पाणीवाली

मी पाणी आणि सांडपाण्याच्या कामातली इंजिनियर आहे. कलेतलं मला कळत नाही पण तुम्ही मुलं घेऊन काठावर जाणार म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

मुलांना पाण्यात उतरवायचं नाही, हातही लावू द्यायचा नाही, पायाला जखम असेल तर काठावरच्या चिखलातही नाही. डोंगरातला ओढा मुळात पावसाळी असतो, दिवाळीनंतर क्षीण होत जातो आणि उन्हाळ्यात डबकी उरतात. आंबील ओढा आज जानेवारीतही वाहताना दिसतो तो मुख्यतः आपल्या घरांतून येणाऱ्या सांडपाण्यामुळे. म्हणजे जानेवारीत तुम्ही ज्याच्याकडे तोंड करून उभे राहणार आहात ते आपलंच मोरीचं पाणी आहे, हे प्रयोगात कुठेतरी यायला हवं असं मला मनापासून वाटतं. पात्र ओढ्याचं, पाणी आपलं.

पुराबद्दल मुलांना गणित द्या, मुलांना गणित आवडतं, विशेषतः टँकरचं. एक हेक्टर जमीन, म्हणजे साधारण अडीच एकर, तिच्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर होतात १० लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरवाले शंभर टँकर. हे फक्त एका हेक्टरचं. पूर्वी यातलं बरंचसं माती प्यायची, झाडं धरायची आणि उरलेलं सावकाश ओढ्यात यायचं. आता उतारावर इमारती, पेव्हिंग ब्लॉक, काँक्रीटचे रस्ते, त्यामुळे शंभरातले बहुतेक टँकर एकदमच खाली सुटतात, आणि खाली ओढा दोन्हीकडून भिंती घालून अरुंद केलेला, पुलांच्या मोऱ्यांत गाद्या आणि प्लास्टिक अडकलेलं. वर कात्रजच्या डोंगरात ढग फुटला तर खाली तुमच्याकडे पाऊस थांबलेला असतानाही लोंढा येऊ शकतो. म्हणून सराव पावसाळ्यात काठावर अजिबात करू नका, गच्चीवर करा.

आणि दाखवायला काही हवं असेल तर चार ठिकाणचं पाणी चार काचेच्या बाटल्यांत, झाकण पक्कं सीलबंद करून, तोरणासारखं टांगा. कात्रज तलावाच्या वरचं, बालाजीनगरच्या आसपासचं, तुमच्या मागचं, दांडेकर पुलाखालचं. पाणी हातमोजे घालून मोठ्या माणसांनीच भरायचं. माशांना जगायला लिटरमागे साधारण ४-५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन लागतो, तो मोजायचं छोटं किट मिळतं, मी आणून देते आणि मुलांसमोर मोजून दाखवते. जे येईल ते बाटलीवर मुलांच्या अक्षरात लिहायचं. वास झाकायला अत्तर-धूप वगैरे लावू नका एवढं बघा.

बाल्टिमोरकर

मूळचा पद्मावतीचा, आता अमेरिकेत बाल्टिमोरला. धागा वाचून लहानपणची ओढ्याकडेची शाळेची वाट आठवली.

दांडेकरपूलवाले दादांनी सुतळीची रेघ म्हटलंय त्यावरून सांगतो. आमच्या इथे रेमिंग्टन नावाचा मोहल्ला आहे, त्याच्याखालून समवॉल्ट रन नावाचा ओढा वाहतो, जो शंभरेक वर्षांपूर्वी पाइपात घालून रस्त्याखाली गाडला. ब्रूस विलेन म्हणून एक कलाकार आहे, त्याने २०२३ मधे जिथे जिथे तो ओढा रस्त्याखालून जातो तिथे तिथे डांबरावर फिकट निळ्या लाटांसारख्या रेघा आखल्या, कडेला माहितीचे फलक लावले. कामाचं नाव घोस्ट रिव्हर्स. मी तिथून पोरीला घेऊन चालत गेलो, ती प्रत्येक रेघ उडी मारून ओलांडत होती आणि म्हणाली बाबा खाली अजून आहे का तो, म्हटलं आहे, कान लाव. एका ठिकाणी जाळीतून खरंच ऐकू येतो.

मुद्दा असा की त्या रेघा कार्यक्रम संपल्यावर पुसल्या जात नाहीत. तुमचा प्रयोग एका संध्याकाळचा असेल पण एक तरी गोष्ट मागे राहील असं बघा. आणि कसब्यातल्या काकांनी जुनं पात्र सांगितलंय, त्या पेठांतल्या रस्त्यांवर निदान खडूने तरी रेघ ओढता येईल. पुण्यात रांगोळीवाल्यांची काय कमी आहे.

माईआजी

सुनेने धागा वाचून दाखवला, टायपिंगही तीच करतेय.

भोंडल्याचं लिहिलंय त्यांना सांगायचंय, भोंडला हस्ताचा असतो बाळा. हत्ती हस्त नक्षत्राचा, पावसाचा. आश्विनात फेर धरायचा तो. जानेवारीत भोंडला घातला तर बायका फेर धरतील पण मनातून धरणार नाहीत. त्यापेक्षा ओव्या घ्या. जात्याजवळ बसून ओवी कधीही गाता येते आणि ओवीत प्रत्येकीला आपलं घालता येतं. वस्तीतल्या थोरल्या बायकांना विचारा, त्यांना माहेरच्या नदीच्या, विहिरीच्या ओव्या येत असतील, कोणी सोलापूरकडची कोणी मराठवाड्यातली. त्या ओढ्याला आपल्या गावची नदी आणून जोडतील. ते तुमच्या लिहिलेल्या गाण्यापेक्षा खरं होईल.

दुसरं, माझ्या माहेरी पाण्याच्या काठाला साती आसरा असायच्या, पाण्याच्या सात देवता, सात दगड शेंदूर लावलेले. पाण्याशी जायचं तर आधी त्यांना विचारायचं, पाण्यात घाण करायची नाही, तिन्हीसांजेला पाण्याशी आवाज करायचा नाही. भीती होती म्हणा, पण त्या भीतीने पाणी राखलं जायचं. तुमच्या सात मुली काठावर सात जागी नुसत्या उभ्या करा, हातात काही नको, बोलायचं काही नाही. दिंडी पुढे जाईल तशी एकेक मुलगी दिंडीत येऊन मिळेल. ओळखणाऱ्यांना ओळखू येईल.

आणि संक्रांत ते रथसप्तमीच्या मधला दिवस धरा, बायकांना घरातून निघायला कारण मिळतं. हळदीकुंकू पुलावर करा. पुलाच्या मधोमध, दोन्हीकडच्या बायकांनी आपापल्या काठावरून यायचं. नवरा असलेली नसलेली सगळ्यांना बोलवायचं हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी कोणी मागे उभी राहणार नाही.

नाव आंबील ओढा आहे तर शेवटी आंबील द्या ना सगळ्यांना. नाचणीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी पाण्याला उकळी आणून त्यात सोडायचं आणि हलवत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, मीठ, ठेचलेला लसूण, जिरं, वरून कोथिंबीर. गार करून मग पुन्हा ताक घालून सारखी करायची. आमच्याकडे देवीला आंबील-घुगऱ्यांचा नैवेद्य असायचा, तो सगळ्या आळीत वाटायचा, कोणाच्या घरचा कोणाकडे हे बघायचं नाही. पन्नास माणसांना दीड-दोन किलो पीठ पुरतं.

रिकामी_विंग

माईआजी, भोंडल्याचं पटलं, मागे घेतो. ओव्यांचं मला सुचायला हवं होतं. साती आसरांचं दृश्य तर मी वाचतावाचताच बघितलं.

ओढ्याकाठची ताई, तालमींना माणूस हवा असेल तर मी शनिवारी-रविवारी येऊ शकतो, दिग्दर्शक म्हणून नाही, लोकांना मोठ्याने आणि सावकाश बोलायला शिकवायला. उघड्यावर तीच मोठी अडचण असते.

ओढ्याकाठची

रविवारी जाऊन आलो. चौघी ठरल्या होत्या, निघताना अकरा जण झाले, कथकवाली ताई आणि तिच्या दोन विद्यार्थिनीही आल्या. दादांच्या आईंनी ती पिशवी दाखवली, रेशनकार्डाची. मी विचारलं प्रयोगात ही पिशवी आणाल का, त्या म्हणाल्या पिशवी देणार नाही कोणाच्या हातात, मीच येते घेऊन. दादांच्या मावशीही होत्या. त्या फारसं बोलल्या नाहीत पण निघताना म्हणाल्या माझ्या दाराला निळा रंग होता, तेवढं लिहून घ्या. लिहून घेतलंय.

ओव्यांचं माईआजींनी सांगितलं ते शब्दशः तसंच झालं. एका आजींनी सीना नदीची ओवी म्हटली, दुसरीने लगेच मांजरेची जोडली, मग कोणीतरी म्हणालं आता आंबील ओढ्याची घाला, आणि त्यांनी तिथल्या तिथे घातली. मी रेकॉर्ड केली नाही, प्रयोगाच्या दिवशी त्याच म्हणतील.

तर असं ठरतंय. दिवस संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार, दुपारी चारला दोन दिंड्या निघतील, एक आमच्या पार्किंगमधून आणि एक पलीकडून, दोन्ही काठांनी समोरासमोर चालत येतील. सुतळी ३ फूट ४ इंचावर आमच्याकडे, त्यांच्याकडे जिथे रेघ आहे तिथे, काही घरात ती माझ्या डोक्याच्या वर आहे. सात मुलींपैकी तीन पलीकडच्या आहेत, चार आमच्या. ताशे दोन आणि रिकाम्या गॅसटाक्या दोन, टाकी वाजवायला दादा स्वतः उभे राहणार. पाणीवाली ताई बाटल्या भरून आणणार. राक्षसाची गोष्ट लिहिणारी मुलं आता कुठून येतो ते शोधायला येत्या शनिवारी कात्रजला जातायत, मोठी चार माणसं बरोबर आहेत. कसब्यातले काका, तुम्हाला वेळ असेल तर उच्छ्वास दाखवायला याल का? मुलांनी विचारलंय.

खडूची रेघ पेठांमधून ओढायची का यावर अजून एकमत नाही, बहुतेक यावर्षी नाही जमणार.

एकच अडचण उरलीय. ओढ्याकडे उघडणारं आमच्या सोसायटीचं मागचं फाटक २०१९ पासून बंद आहे, कमिटीने एक दिवसापुरतं उघडायला होकार दिलाय पण कुलूप पूर्ण गंजलंय आणि किल्ली कोणाकडेच सापडत नाहीये. वॉचमन काकांनी ओळखीच्या कुलूपवाल्याला बुधवारी बोलावलंय. आणि नाचणीचं पीठ घरी दळलेलं कोणाकडे असेल तर सांगा, साधारण सहा किलो लागेल असं दिसतंय.